पत्रादेवीच्या अलीकडे आणि पलीकडे: सिंधुदुर्ग, गोवा, बेळगाव प्रवासाचं परीक्षण

बांद्याचा तेरेखोलवरचा पूल ओलांडला की काही मिनिटांत पत्रादेवी, म्हणजे गोव्याची सीमा. राष्ट्रीय महामार्ग ६६ तसाच चौपदरी पुढे धारगळकडे निघून जातो. बोली फारशी बदलत नाही, टोपलीतले मासे तर मुळीच नाहीत. बदलतात त्या तीनच गोष्टी: कंडक्टरच्या यंत्रातून निघणारं तिकीट, पंपावरचा पेट्रोलचा दर आणि पिवळ्या पाटीच्या गाडीला लागणारे कागद. सीमेवरचा जवळजवळ सगळा मनस्ताप या तिघांतून येतो. रस्ता त्याला क्वचितच जबाबदार असतो.

हे परीक्षण एखाद्या कंपनीचं नाही. दक्षिण महाराष्ट्रातून गोव्यात आणि बेळगावात रस्त्याने जायची जी एकूण सोय आहे तिचं आहे. त्यात एसटी, गोव्याची सरकारी कदंब आणि वायव्य कर्नाटकची बस आली, तशीच खासगी स्लीपर, घरची गाडी, टॅक्सी आणि मालाचा ट्रकही. निकाल आधीच सांगून टाकतो. रस्त्याला पाचपैकी चार, पण घाट वगळून. बससेवेला अडीच. कागदपत्रांच्या सोयीला तीन. तीन राज्यांनी मिळून केलेल्या नियोजनाला एक, आणि तो एकसुद्धा पुलांसाठी.

सावंतवाडी ते पणजी, सरकारी बसने

या मार्गावर एसटी आणि कदंब दोन्ही धावतात. अंतर साठ किलोमीटरच्या आसपास. पहिली अडचण गाडी कुठून पकडायची ही. सावंतवाडी शहर महामार्गावर नाही, झाराप ते पत्रादेवी हा रस्ता शहराला बगल देऊन जातो. स्टँडवरून सुटणारी गाडी इन्सुलीला महामार्गाला लागते, पण मुंबई-पुण्याहून पणजीला जाणारी लांब पल्ल्याची गाडी शहरात शिरेलच याची खात्री नाही. आरक्षण करताना चढायचा थांबा ‘सावंतवाडी’ एवढंच दिसलं तर स्टँड की झाराप तिठा हे विचारून घ्या. रात्री दोन वाजता या दोन ठिकाणांमध्ये रिक्षा मिळत नाही.

दुसरी गोष्ट तिकिटाची. इथेच सगळ्यात जास्त वाद होतात. महाराष्ट्रात १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे. ७५ वर्षांपुढच्यांना प्रवास मोफत, ६५ ते ७५ वयाला अर्धं भाडं. या सगळ्या सवलती महाराष्ट्राच्या हद्दीपुरत्या आहेत, कारण त्यांचे पैसे महामंडळाला महाराष्ट्र सरकार देतं. गाडी पणजीची असली तरी सवलत सीमेवर संपते आणि पुढचं भाडं पूर्ण लागतं. यंत्र हा हिशेब आपोआप करतं, पण सांगावं लागतं कंडक्टरला, रोज, प्रत्येक फेरीला: “आज्ये, बांद्यापर्यंत फुकट, फुडचे पैशे लागतले.” त्यावर आजीचं उत्तर ठरलेलं, की गाडी तीच, सीट तीच, मग पैसे कसले?

याच मार्गावरच्या कदंब गाडीत महाराष्ट्राची ही सवलत मुळातच नाही, बांद्यापर्यंतही नाही. फलाटावर दोन्ही गाड्या शेजारी उभ्या असतात आणि पाटीवर दोघींच्या ‘पणजी’ लिहिलेलं असतं. सवलतीवर जाणाऱ्याने पाटी वाचून भागत नाही, गाडी कोणाची ते बघून चढावं. उलट ज्याला सवलत नाही त्याने जी आधी सुटेल ती पकडावी. एसटीची वाट बघत कदंब सोडण्यात काही हशील नाही.

आधारकार्ड मूळ ठेवा किंवा डिजिलॉकरमध्ये उघडून दाखवा. झेरॉक्सवरून कंडक्टरशी वाद घातला तर तो नियमावर बोट ठेवतो, आणि त्याचंही चुकत नाही. नव्या यंत्रांवर यूपीआय चालतं, पण घाटात आणि सीमेच्या पट्ट्यात रेंज गेली की क्यूआर नुसता फिरत राहतो. शंभर-दोनशे रुपये सुटे हवेतच.

साध्या आंतरराज्य गाड्यांना सहसा आरक्षण नसतं. लांब पल्ल्याच्या गाड्यांना असतं, पण तीन महामंडळांची तीन दुकानं आहेत. एसटीचं संकेतस्थळ वेगळं, कदंबचं वेगळं, कर्नाटकच्या गाड्यांचं ‘अवतार’ वेगळं. सावंतवाडीहून पणजीला दुपारी चार ते सहामध्ये कोणकोणत्या सरकारी गाड्या आहेत, हे एकाच अधिकृत पानावर दिसत नाही. स्टँडवरच्या चौकशी खिडकीत आपल्या महामंडळाच्या वेळा पाठ असतात आणि दुसऱ्याच्या विचारल्या की “येईल आता” हे उत्तर मिळतं. बससेवेचा एक पूर्ण गुण मी इथे कापला आहे, कारण हे दुरुस्त करायला ना पैसा लागतो ना जमीन.

पणजीत उतरल्यावरची माहितीही लोकांना कमी असते. मडगावला जायचं असेल तर कदंबची शटल घ्या. तिकीट खिडकीवर, रांगेने, आणि गाडी विनाथांबा. बांबोळीच्या गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात) जायचं असेल तर शटलच्या रांगेत उभं राहू नका, त्या बाजूने जाणारी थांबे घेणारी साधी गाडी पकडा. सिंधुदुर्गातून बांबोळीला जाणारा रुग्ण आणि त्याच्या सोबतचा माणूस हा या मार्गाचा सगळ्यात जुना आणि सगळ्यात दमलेला प्रवासी आहे. त्याला पणजी स्टँडवर गाडी बदलायला लावणं हा या सेवेतला सगळ्यात मोठा दोष. अपॉइंटमेंट सकाळची असेल तर सावंतवाडीहून पहिल्याच गाडीला बसा. म्हापसा ते पर्वरी या पट्ट्यात सकाळी किती वेळ जाईल याचा अंदाज तिथले ड्रायव्हरही छातीठोकपणे देत नाहीत.

परतीला उशीर झाला तर पणजीत बसून राहू नका. म्हापसा गाठा, कारण दोडामार्ग आणि पेडण्याकडच्या गाड्या तिथून मिळण्याची शक्यता जास्त असते. पण रात्री आठनंतर तीही भिस्त नको.

फेऱ्या का वाढत नाहीत

“प्रवासी आहेत, रस्ता आहे, गाडी का नाही?” हा प्रश्न बांद्यात, दोडामार्गात, चंदगडात सगळीकडे ऐकू येतो. आगारप्रमुखाला दोष दिला जातो, पण त्याच्या हातात फारसं काही नसतं.

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ८८ प्रमाणे एका राज्याचा परवाना दुसऱ्या राज्यात तसाच चालत नाही. त्यावर दुसऱ्या राज्याची प्रतिस्वाक्षरी लागते. किती परवाने, कोणत्या मार्गावर, किती फेऱ्या हे दोन राज्यांच्या परस्पर करारात ठरतं. कराराचा मसुदा आधी राजपत्रात येतो, हरकतींसाठी किमान ३० दिवसांची मुदत असते, सुनावणी होते आणि मग करार पुन्हा राजपत्रात छापला जातो. करारांचा गाभा बरोबरीचा असतो: तुमच्या गाड्या आमच्या हद्दीत जेवढे किलोमीटर धावतील, साधारण तेवढेच आमच्या तुमच्याकडे.

कागदावर हे न्याय्य दिसतं. प्रत्यक्षात काय होतं ते पाहा. सकाळी कामावर जाणारा लोंढा सिंधुदुर्गातून गोव्याकडे, संध्याकाळी उलटा. म्हणजे गाडी रात्री वस्तीला महाराष्ट्रात हवी. एसटीने दोडामार्ग-म्हापसा फेरी वाढवायची म्हटली तर गोव्याच्या हद्दीतले तिचे किलोमीटर वाढतात. त्याची भरपाई म्हणून कदंबने महाराष्ट्रात गाडी वाढवायची, तर तिचा मुक्काम म्हापशात. ती सकाळी रिकामी येणार आणि भरलेली परतणार, संध्याकाळी उलट. बरोबरी किलोमीटरची होते, गरजेची होत नाही. दोन वेळापत्रकं दोन कार्यालयांत बनतात, त्यामुळे दोन गाड्या पाठोपाठ सुटतात आणि मग तासभर फलाट रिकामा.

या पोकळीत खासगी गाड्या शिरतात. मुंबई-पुणे ते गोवा स्लीपर आरामात न्यायला उत्तम, त्याबद्दल तक्रार नाही. पण कायद्याने ती कंत्राटी गाडी असते. जागोजागी थांबून टप्प्याचे प्रवासी घ्यायची मुभा फक्त टप्पा परवान्याच्या गाडीला, म्हणजे इथे सरकारी बसला आहे. झाराप किंवा बांद्याला हात दाखवून स्लीपर थांबली आणि पुढे तपासणीत अडली, तर यादीत नाव नसलेला प्रवासी तुम्हीच असता. अखिल भारतीय पर्यटक परवान्याच्या २०२३ च्या नियमांनुसार गाडीत प्रवाशांची यादी, कागदावर किंवा मोबाइलमध्ये, असायलाच हवी. ॲपवरून काढलेलं, नाव असलेलं तिकीट नसेल तर या गाड्यांत बसू नये.

बेळगावची बाजू

कोल्हापूर ते बेळगाव, कागल-निपाणी मार्गे, महामार्ग ४८ वर. सुमारे ११० किलोमीटर. रस्ता आणि फेऱ्यांची संख्या पाहिली तर या परीक्षणातला हा सगळ्यात चांगला मार्ग. पण तो सगळ्यात बेभरवशाचाही आहे, आणि कारण रस्त्यात नाही, सीमावादात आहे. ६ डिसेंबर २०२२ रोजी हिरेबागेवाडी टोलनाक्याजवळ महाराष्ट्राच्या ट्रकांवर दगडफेक झाली. २०२५ च्या फेब्रुवारीत एका कंडक्टरला झालेल्या मारहाणीनंतर आणि चित्रदुर्गात एसटीच्या ड्रायव्हरला काळं फासल्यानंतर महाराष्ट्राने कर्नाटकाकडच्या फेऱ्या थांबवल्या. असं झालं की एसटी कागलपर्यंत आणि कर्नाटकची गाडी निपाणी-कोगनोळीपर्यंत येते. मधल्या पट्ट्यात वडाप (माणसं भरून नेणाऱ्या खासगी जीप) आणि रिक्षावाले सांगतील तो दर. चंदगडच्या बाजूने तीच कथा शिनोळीला.

नियोजन करताना १ नोव्हेंबर, म्हणजे कर्नाटक राज्योत्सवाचा दिवस, टाळा. बेळगावात विधिमंडळ अधिवेशन सुरू असेल त्या दिवसांत निघण्याआधी कोल्हापूर स्टँडवर फोन करा. विमान किंवा रेल्वे पकडायची असेल तर त्या दिवशी बसवर विसंबू नका.

कर्नाटकात महिलांना मोफत प्रवासाची ‘शक्ती’ योजना ११ जून २०२३ पासून आहे. ती कर्नाटकच्या रहिवासी महिलांना आणि राज्यातल्या प्रवासापुरती. बेळगाव-पणजी किंवा बेळगाव-कोल्हापूर गाडीत ती धरून बसू नये.

घाट: नकाशा सांगत नाही ते

बेळगावहून पणजीला दोन वाटा. चोर्ला घाटातून जांबोटी, कणकुंबी, केरी, साखळी मार्गे सुमारे ११० किलोमीटर. अनमोड घाटातून खानापूर, लोंढा, रामनगर, मोले, फोंडा मार्गे दीडशेच्या घरात. मोबाइलवरचा नकाशा बहुधा चोर्ला दाखवतो, कारण ती वाट जवळची. चाळीस किलोमीटर वाचतात हे खरं. पण कणकुंबीच्या आसपास कर्नाटकातल्या सर्वांत जास्त पावसाच्या पट्ट्यांपैकी एक आहे, मलप्रभा तिथेच उगम पावते, आणि जांबोटीच्या पुढचा रस्ता दर पावसाळ्यात उखडतो. खड्डा पाण्याने भरला की त्याची खोली कळत नाही. इथे टायर फुटत नाहीत, कडेने फाटतात. बाजूची भिंत फाटलेला टायर पंक्चरवाल्याच्या हातचा नसतो. स्टेपनीत हवा भरून घेतल्याशिवाय जून ते ऑक्टोबर या रस्त्याला लागू नये. जांबोटी ते केरी मोबाइलची रेंज येते-जाते, म्हणून नकाशा आधीच उतरवून ठेवा आणि खिशात रोख ठेवा.

जड वाहनांना चोर्ला घाटात बंदी घातली जाते, ती उठते, पुन्हा लागते. ट्रकवाल्याने आदल्या दिवशीची बातमी न वाचता निघणं म्हणजे केरीच्या नाक्यावरून परत फिरायची तयारी. अनमोड रुंद, जुना आणि ट्रकांच्या सवयीचा, पण तोही पावसात बिनघोर नाही. २०२५ च्या जुलैत तिथेही रस्ता खचला होता. दोन्ही घाटांत एकाच वेळी अडचण आली की त्याचा परिणाम थेट पणजीच्या भाजीबाजारात दिसतो, कारण गोव्याची भाजी मोठ्या प्रमाणात बेळगावहून येते.

कोल्हापूर, आजरा, गडहिंग्लजकडून येणाऱ्याला आंबोली. संकेश्वर-बांदा हा आता राष्ट्रीय महामार्ग ५४८-एच आहे आणि घाटमाथ्यापर्यंत गाडी सुखाने धावते. आंबोलीचा त्रास दरडीपेक्षा जास्त शनिवार-रविवारचा. जुलै-ऑगस्टात धबधब्याजवळ दोन्ही कडांना गाड्या लावतात, एसटी समोरासमोर आल्या की मागे सरायला जागा नाही, आणि सगळं ठप्प. त्या दोन महिन्यांत सुट्टीच्या दिवशी सकाळी नऊच्या आत घाट उतरून जा, नाहीतर संध्याकाळनंतर निघा, तेही धुकं नसेल तर.

तिलारी घाट चंदगडवरून दोडामार्गला उतरतो. अंतर सगळ्यात कमी, उतार सगळ्यात तीव्र. जड वाहनांना आणि एसटीलाही तिथे बंदी घातली गेली आहे आणि ती रास्त आहे. छोट्या गाडीने उतरायचं असेल तर एकच नियम: ज्या गियरमध्ये हा चढ चढला असता, त्याच गियरमध्ये उतरा. पहिला किंवा दुसरा. इंजिन गाडीला मागे ओढून धरतं, ब्रेक फक्त वळणाआधी लागतो. सतत हलका ब्रेक दाबून उतरलं की पॅड तापतात, ब्रेक ऑइल उकळायला लागतं, त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल स्पंजासारखं आत जातं. जळका वास आला की तिथेच थांबायचं, वीस-पंचवीस मिनिटं. चाकावर पाणी ओतायचं नाही, तापलेली डिस्क वाकते. ऑटोमॅटिक गाडीत ‘एल’ किंवा मॅन्युअल पट्टी वापरा, ‘डी’त उतरू नका. पेट्रोल वाचवायला न्यूट्रल करणाऱ्याबद्दल काही न लिहिलेलं बरं.

एअर ब्रेकच्या वाहनाची गोष्ट निराळी. तिथे ब्रेक पुन:पुन्हा मारला की टाकीतला दाब उतरतो आणि कंप्रेसर तो भरून काढेपर्यंत पुढचं वळण आलेलं असतं. एक्झॉस्ट ब्रेक चालू, गियर खालचा, आणि ब्रेक मोजका पण ठाम.

घाट नको असलेल्यांसाठी किनाऱ्याची वाट: वेंगुर्ला, शिरोडा, आरोंदा आणि किरणपाणीचा पूल ओलांडून थेट हरमल-पेडण्याकडे. सावंतवाडीहून सातार्डा-न्हयबाग हाही पर्याय. पत्रादेवीला कोंडी असेल तेव्हा छोट्या गाडीला हे दोन्ही उत्तम, रस्ता अरुंद एवढीच किंमत.

गोवा ओलांडून कारवारला जाणाऱ्यांसाठी: ७ ऑगस्ट २०२४ ला मध्यरात्रीनंतर काळी नदीवरचा जुना पूल कोसळला. एक ट्रक नदीत गेला, ड्रायव्हर वाचला. दोन दिशांना दोन पूल होते, उरला एक. सदाशिवगडच्या बाजूला गर्दीच्या वेळी रांग धरूनच गोव्याच्या सीमेवरच्या पोळ्याहून निघा. गोव्यात दुचाकीवाल्यांनी अटल सेतूवर चढू नये, तिथे दुचाकी-तिचाकीला मनाई आहे. जुन्या मांडवी पुलाने जा.

स्वतःची गाडी

खासगी पांढऱ्या पाटीच्या गाडीला सीमेवर परवाना किंवा कर नाही. नोंदणी भारतभर वैध आहे. आरसी, विमा, पीयूसी, लायसन्स डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमध्ये दाखवलेले चालतात. त्याच कागदांचा फोटो गॅलरीतून दाखवला तर चालत नाही. सगळ्यात जास्त अडकवते ती पीयूसी, कारण तिची तारीख कोणी लक्षात ठेवत नाही.

फास्टॅगचा वार्षिक पास १५ ऑगस्ट २०२५ पासून सुरू झाला, तेव्हा ३,००० रुपयांना, २०० फेऱ्या किंवा एक वर्ष, जे आधी संपेल ते. तो फक्त खासगी कार-जीपला आणि फक्त राष्ट्रीय महामार्ग-द्रुतगती मार्गांच्या नाक्यांवर चालतो. कोल्हापूर-बेळगाव रोजचं येणं-जाणं असेल तर पहिल्या काही आठवड्यांतच वसूल. वर्षातून दोनदा गोव्याला जाणाऱ्याने मोह टाळावा.

इंधनाचं गणित सोपं. महाराष्ट्रापेक्षा पेट्रोल गोव्यात स्वस्त, कर्नाटकातही बहुधा कमी. म्हणून कोगनोळीच्या पुढे पंपांवर ‘कर्नाटक दर’ असे मोठे फलक आणि पत्रादेवीच्या पुढे रांगा. टाकी रिकामी असेल तर सीमा ओलांडून भरा. दहा किलोमीटर मुद्दाम वळून जाण्यात मात्र फायदा उरत नाही.

परतीचा खरा धोका इन्सुलीचा उत्पादन शुल्क नाका. गोवा बनावटीची दारू महाराष्ट्रात परवान्याशिवाय आणणं मुंबई, आता महाराष्ट्र, दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे. गोव्यातल्या दुकानाचं बिल हा महाराष्ट्रातला परवाना नव्हे. बाटली एक की दहा यावर नशीब आजमावलं जातं, पण कायद्याने मुद्देमालाबरोबर गाडीही जप्त होऊ शकते. बसमधल्या बॅगाही उघडून बघतात. शेजारच्याने “जरा ही पिशवी तुमच्याकडे ठेवा” म्हटलं तर नको म्हणा, ओळखीचा असला तरी.

नोकरीसाठी गोव्यात किंवा बेळगावात राहायला गेलात तर कलम ४७ लक्षात ठेवा. दुसऱ्या राज्यात गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त राहिली की तिथला नंबर घ्यावा लागतो. क्रम असा: आधी मूळ आरटीओकडून फॉर्म २८ वर ना-हरकत, कर्ज असेल तर बँकेची संमती, थकीत चलनं शून्य. मग नव्या राज्यात गाडीच्या वयानुसार कर, फॉर्म २७ वर नव्या नंबरचा अर्ज. त्यानंतरच जुन्या राज्याकडे उरलेल्या कराच्या परताव्याचा अर्ज. लोक उलटं करतात, परतावा आधी मागतात, आणि फाइल वर्षभर पडून राहते. सर्वांत जास्त अडतं ते चलनांवर: दुसऱ्या राज्यातलं जुनं, माहीतही नसलेलं ई-चलन ना-हरकत रोखून धरतं. अर्ज करायच्या आधी तिन्ही राज्यांत नंबर टाकून बघा.

चार किंवा अधिक राज्यांत कार्यालयं असलेल्या खासगी कंपनीत नोकरी असेल, किंवा सरकारी नोकरी असेल, तर नव्या गाडीला ‘बीएच’ (भारत) मालिकेचा नंबर घ्या. कर दोन-दोन वर्षांचा, आणि बदली झाली तरी नंबर तोच. विसरू नये ते एवढंच की दर दोन वर्षांनी कर स्वतः भरायचा असतो, आठवण करून देणारं कोणी नसतं.

पिवळी पाटी आणि माल

टॅक्सीवाल्यांचं एकच म्हणणं असतं, की भाडं मिळवण्यापेक्षा कागद सांभाळणं अवघड. अखिल भारतीय पर्यटक परवाना असेल तर राज्याराज्यांचा वेगळा कर लागत नाही, वर्षाचा किंवा तिमाहीचा एकच भरणा. क्वचित सीमा ओलांडणाऱ्याला तो परवडत नाही. मग परिवहनच्या संकेतस्थळावर ‘चेकपोस्ट टॅक्स’मध्ये जाऊन कर्नाटक निवडायचं, गाडी नंबर, प्रवेशाचा नाका, आसनं, मुदत भरायची आणि पावती काढायची. चुका ठरलेल्या: आसनसंख्येत ड्रायव्हर धरणं किंवा सोडणं, सेवेचा प्रकार चुकवणं, आणि पैसे कापले गेले पण पावती आली नाही म्हणून घाईत दुसऱ्यांदा भरणं. दुसऱ्यांदा भरण्याआधी त्याच पानावर अडकलेला व्यवहार तपासायची सोय आहे, ती वापरा. गोव्यातल्या गोव्यात स्थानिक भाडं मारायला बाहेरच्या टॅक्सीने जाऊ नये. तिथे आधी आरटीओ नाही, स्थानिक टॅक्सीवाले अडवतात.

मालासाठी सीमा आता खरंच सोपी झाली आहे. १ जुलै २०१७ ला जीएसटी आल्यावर विक्रीकराचे नाके गेले. ५०,००० रुपयांवरच्या मालाला ई-वे बिल (माल नेण्याची ऑनलाइन पावती), तिची मुदत दर २०० किलोमीटरला एक दिवस. ताजी भाजी आणि दूध यांना लागत नाही. घाटात गाडी बंद पडून माल दुसऱ्या ट्रकमध्ये टाकला तर ई-वे बिलाच्या भाग-ब मध्ये नव्या ट्रकचा नंबर घातल्याशिवाय पुढे जाऊ नका. सर्वांत जास्त दंड याच एका विसरण्यावर होतो. दोन आसांच्या (अ‍ॅक्सलच्या) ट्रकला मालासकट एकूण वजन १८.५ टन. त्यावर गेलं की २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,०००, शिवाय जादा माल तिथेच उतरवायचा, स्वखर्चाने, पावसात असला तरी.

नियोजनाचा एक गुण

मोपाचा मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ ५ जानेवारी २०२३ पासून सुरू झाला. तो पणजीपेक्षा बांद्याला जवळ आहे. महामार्गावरून वर जायला धारगळच्या सुकेकुळणहून जोडरस्ता झाला, तोही चांगला. पण सावंतवाडी-पणजीची साधी गाडी महामार्गानेच सरळ जाते. बॅग घेऊन धारगळला उतरणाऱ्याला पुढचे सहा-सात किलोमीटर स्वतः बघावे लागतात, आणि तिथे रिकामी गाडी उभी असेलच असं नाही. विमान पकडायचं असेल तर बांद्याहून थेट टॅक्सी ठरवा, धारगळच्या फाट्यावर प्रयोग नको.

पवनार ते पत्रादेवी असा ८०० किलोमीटरहून लांब शक्तिपीठ महामार्ग आखला जातो आहे. कोल्हापुरात त्याला शेतकऱ्यांचा विरोध आहे, तो वेगळा विषय. नियोजनाच्या अंगाने प्रश्न एवढाच: सहा पदरी रस्ता जिथे संपतो त्या पत्रादेवीच्या पलीकडे म्हापसा-पर्वरीचा तोच रस्ता आहे, ज्यावर सकाळी साडेआठला म्हापशाहून निघालेली बस पणजीला कधी पोचेल हे कोणी सांगत नाही. पर्वरीत पाच किलोमीटरचा उन्नत मार्ग हाती घेतला आहे, तो याच दुखण्यावर. तो उभारताना वाहतूक ज्या आतल्या रस्त्यांवर वळवतात, तिथे पाटी वाचूनच वळा. बाहेरच्या नंबरची गाडी सर्व्हिस रोडवरून चुकून उलट दिशेला शिरते ती तिथेच.